बाजाराचा ताण आणि मनाचा शीण

श्रम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाठीवर पोते घेतलेला हमाल, नांगरामागून चालणारा शेतकरी किंवा भट्टीपुढे घामाघूम झालेला लोहार उभा राहतो. या माणसांना संध्याकाळी थकवा आला तर त्याचे कोणास नवल वाटत नाही. स्नायूंनी काम केले, त्यांची शक्ती खर्च झाली, हे उघडच असते. परंतु दिवसभर खुर्चीवर बसून काचेच्या एका पडद्याकडे पाहत असलेला मनुष्यही कधी कधी संध्याकाळी तितकाच गळून गेलेला आढळतो. त्याची छाती धडधडते, अन्नावरील वासना उडते, अंथरुणावर पडूनही डोळ्याला डोळा लागत नाही, आणि घरातील मुलाने साधा प्रश्न विचारला तरी तो त्याच्यावर खेकसतो. त्याने तर दिवसभरात शेरभर वजनही उचललेले नसते. मग हा शीण आला कोठून?

या पुस्तिकेत अशा एका व्यवसायाचा विचार करावयाचा आहे, की ज्यात हा शीण विशेष तीव्रतेने दिसून येतो. समभाग, वायदे, चलन यांची थोड्या अवधीत खरेदी-विक्री करून भावांतील चढउतारावर जो आपली उपजीविका करू पाहतो, त्यास बाजारात ‘ट्रेडर’ म्हणतात. एखाद्या कंपनीचे समभाग घेऊन दहा-वीस वर्षे ते सांभाळणारा गुंतवणूकदार निराळा, दुसऱ्याच्या वतीने सौदा करून दलाली घेणारा दलाल निराळा, आणि हा ट्रेडर निराळा. ‘सटोडिया’ हा जुना शब्द याच्या जवळ येतो खरा, परंतु त्यात निंदेची छटा आहे. आपला उद्देश कोणाची निंदा करण्याचा नसून, या मनुष्याच्या शरीरात व मनात काय घडते ते समजून घेण्याचा आहे.

कडुनिंबाच्या सावलीतून पडद्यासमोर

कोलकाता शहरात एकोणिसाव्या शतकात समभागांचे दलाल एका कडुनिंबाच्या झाडाखाली जमत असत. पुढे १९०८ साली त्यांनी आपली संघटना स्थापन केली, आणि १९२८ साली लायन्स रेंज या रस्त्यावर तिची स्वतःची इमारत उभी राहिली. मुंबईची कथाही अशीच आहे. तेथे टाउन हॉलसमोरील वडाच्या झाडांखाली जमणाऱ्या दलालांची १८७५ साली संघटना झाली, आणि त्यांच्या वस्तीमुळे एका रस्त्यास दलाल स्ट्रीट हे नाव पडले. दोन्ही ठिकाणी सौदे तोंडी होत. रिंगणात शेकडो माणसे दाटीने उभी राहत, हातांच्या खुणा करीत, ओरडून भाव सांगत, आणि टिपणवहीत सौदा नोंदवीत. घसा बसे, पाय दुखत, सदरा घामाने भिजे.

१९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकाच्या पडद्यावरून सौदे सुरू झाले. १९९५ साली मुंबईच्या जुन्या बाजाराने आणि १९९७ साली कोलकात्याच्या बाजारानेही तीच वाट धरली. रिंगणे ओस पडली. कोलकात्याच्या बाजारास तर २००१ साली देणी चुकती न झाल्यामुळे मोठा धक्का बसला, आणि एप्रिल २०१३ मध्ये ‘सेबी’ या नियामक मंडळाने तेथील सौदे स्थगित केले. परंतु कोलकात्यातील माणसांनी सौदे करणे त्यामुळे सोडले नाही. सौद्यांची जागा मात्र बदलली.

शहराच्या पूर्वेस, विमानतळाच्या जवळ, न्यू टाउन नावाचे आखीव नगर एकविसाव्या शतकात वसत गेले. रुंद रस्ते, उंच इमारती, संगणक-उद्योगाची कार्यालये असे त्याचे रूप आहे. तेथील विसाव्या मजल्यावर बसलेल्या ट्रेडरला जो भाव ज्या क्षणी दिसतो, तोच भाव त्याच क्षणी सांगलीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या खोलीत बसलेल्या मनुष्यासही दिसतो. बाजार म्हणून जावे असे एक ठिकाण आता उरलेलेच नाही.

या बदलाने पायांचे श्रम वाचले, परंतु दोन गोष्टी हरवल्या. पहिली गोष्ट म्हणजे सोबत. रिंगणात उभा असलेला मनुष्य शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती पाहू शकत असे, आणि सौदे संपल्यावर चहाच्या दुकानात बसून नुकसानीचे गाऱ्हाणेही सांगू शकत असे. पडद्यासमोरचा मनुष्य आपला नफा एकटाच भोगतो व तोटाही एकटाच गिळतो. दुसरी हरवलेली गोष्ट म्हणजे दिवसाचा शेवट. आपण मराठीत ‘बाजार उठला’ असे म्हणतो. समभागांचे व्यवहार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन एवढेच चालतात हे खरे. परंतु धातू, खनिज तेल इत्यादींचे वायदे मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत चालू असतात, अमेरिकेचा बाजार आपल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सात-आठ वाजता उघडून रात्री दीड किंवा अडीच वाजता मिटतो, आणि भ्रमणध्वनी तर उशाशीच असतो. ज्याच्या खिशात बाजार आहे, त्याच्यापुरता तो कधीच उठत नाही.

शरीराची सज्जता

आता आपण बाजारातून शरीराकडे वळू. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन हे क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या पचनक्रियेचा अभ्यास करीत असता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मांजर घाबरले किंवा चिडले की त्याच्या जठराची हालचाल थांबे. या निरीक्षणाचा मागोवा घेत, संकटाच्या वेळी सबंध शरीर कसे सज्ज होते याचे विवेचन त्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले. मूत्रपिंडांवर टोपीप्रमाणे बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलीन हा स्राव रक्तात येतो. त्याने हृदयाची गती वाढते, स्नायूंकडे अधिक रक्त वळते, यकृतातील साखर रक्तात उतरते आणि पचनाचे काम तात्पुरते बाजूस ठेवले जाते. लढावे किंवा पळावे, अशी ही तयारी आहे. रानात वाघ समोर आला असता हिचा उपयोग उघडच आहे.

या सज्जतेची एक दुसरी, अधिक संथ पायरीही आहे. तीत त्याच ग्रंथींच्या बाह्य भागातून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक स्रवते. अ‍ॅड्रेनॅलीनचे काम काही क्षणांत होते, तर कॉर्टिसॉलचा परिणाम कित्येक तास टिकतो. माँट्रियल येथील हान्स सेली यांनी १९३६ साली एका छोट्या लेखात असे दाखवून दिले, की उंदरांना थंडी, इजा, विषद्रव्ये यांपैकी कोणताही त्रास दिला तरी त्यांच्या शरीरात दिसणारे बदल बरेचसे सारखेच असतात. अधिवृक्क ग्रंथी वाढतात, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात. या प्रतिसादाच्या त्यांनी तीन अवस्था सांगितल्या : प्रथम इशारा, नंतर प्रतिकार, आणि त्रास थांबलाच नाही तर अखेरीस शक्तिपात.

‘ताण’ हा शब्द आपल्या भाषेत मुळात दोरीचा. तंबू उभारताना ज्या दोऱ्या खुंट्यांस आवळून बांधतात त्यांस तणावे म्हणतात. दोरीला ताण नसेल तर तंबू उभाच राहणार नाही, परंतु ती रात्रंदिवस कमाल मर्यादेपर्यंत ताणून ठेवली तर एक दिवस तिचे पीळ उसवतात. शरीराचेही असेच आहे. सज्जता हा काही रोग नव्हे. रोग उद्भवतो तो सज्जता उतरण्यास अवसर न मिळाल्यामुळे. वाघ एक तर निघून जातो, किंवा आपण झाडावर चढतो. पडद्यावरील आकडा मात्र तेथून हलत नाही आणि आपल्यालाही हलू देत नाही. लढण्यासाठी रक्तात उतरलेली साखर खुर्चीवर बसूनच विरते.

तोटा की अनिश्चितता?

ट्रेडरला तोट्यामुळे ताण येतो, असे आपण सहज म्हणून जातो. ते अंशतः खरे आहे. परंतु प्रयोगांतून जे दिसते ते याहून सूक्ष्म आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ४५ जणांनी भाग घेतला होता. संगणकावरील खेळात एकामागून एक दगड दिसत, आणि दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखावयाचे असे. साप निघाला की खेळणाऱ्याच्या हातास विजेचा लहानसा, पण दुखेल असा झटका बसे. घाम किती येतो आणि डोळ्यांच्या बाहुल्या किती विस्तारतात यांवरून ताण मोजला गेला. साप निघणारच अशी खात्री असताना ताण सर्वांत जास्त असेल, असे आपणास वाटेल. प्रत्यक्षात तो सर्वांत जास्त आढळला, तो साप असण्याची व नसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. निश्चित वेदनेपेक्षा अनिश्चित वेदना शरीरास अधिक जाचक ठरली.

आता प्रत्यक्ष बाजारातील एक निरीक्षण पाहू. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी स्वतः ट्रेडर असलेले जॉन कोट्स आणि केंब्रिज विद्यापीठातील जो हर्बर्ट या दोघांनी लंडनमधील १७ ट्रेडरांचा आठ कामकाजाचे दिवस अभ्यास करून २००८ साली आपले निष्कर्ष मांडले. सकाळी अकरा व दुपारी चार या वेळी प्रत्येकाच्या लाळेचा नमुना घेऊन त्यातील संप्रेरके मोजण्यात आली. कॉर्टिसॉलचे प्रमाण तोट्याच्या रकमेबरोबर वाढत गेलेले दिसले नाही. ज्या ट्रेडराच्या नफा-तोट्यात चढउतार अधिक, त्याचे कॉर्टिसॉल अधिक. आणि बाजार जितका अस्थिर होण्याची चिन्हे, तितके सर्वांचेच कॉर्टिसॉल अधिक, असा संबंध आढळला. म्हणजे शरीर हिशेबाची वही पाहत नव्हते. ते अनिश्चितता मोजत होते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. ट्रेडरचा व्यवसाय म्हणजे अनिश्चिततेचाच व्यवसाय होय. भाव वर जाईल की खाली हे निश्चित असते तर सौदा करण्यास कोणी उरलाच नसता. यास्तव नफ्यात असलेला मनुष्यसुद्धा शिणू शकतो, आणि ‘एकदा नफा होऊ लागला की ताण आपोआप जाईल’ ही समजूत टिकत नाही.

ताणाखालील बुद्धी

शीण केवळ शरीरापुरता राहता तर त्यावर विश्रांती हा सरळ उपाय झाला असता. अडचण अशी आहे की ज्या बुद्धीने निर्णय घ्यावयाचा, तीच ताणामुळे पालटते, आणि ती पालटली आहे हे त्या मनुष्यास आतून कळत नाही.

डॅनियल कानमन व एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिले, की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गमावल्याचे दुःख ही तराजूत समतोल होत नाहीत. दुःखाचे पारडे खाली जाते. साधारणपणे ते दुपटीने जड असते. याचा परिणाम असा होतो, की तोट्यातील सौदा बंद करून दुःख पदरात घेण्यापेक्षा ‘उद्या भाव सुधारेल’ म्हणून मनुष्य तो धरून ठेवतो, आणि नफ्यातील सौदा मात्र घाईने विकून टाकतो. बागेतील फुलझाडे उपटून तण राखण्याचाच हा प्रकार. त्यातून तोटा वाढला की तो भरून काढण्यासाठी अधिक मोठा सौदा केला जातो. घसरणीस लागलेल्या माणसास धाडस चढते ते असे.

याच्या उलट दिशेचाही एक परिणाम आहे. कोट्स यांच्या सहभागाने झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी व्यक्तींच्या शरीरातील कॉर्टिसॉल औषधाने आठ दिवस सुमारे ६९ टक्के वाढवून ठेवण्यात आले. तेव्हा त्या पूर्वीपेक्षा जोखमीस अधिक बिचकू लागल्या. बाजार दीर्घकाळ अस्थिर राहिला की अनुभवी माणसेही संधी समोर असता हात आखडता घेतात, त्यामागे हेही एक कारण असू शकेल. झोपेची कथा आणखी वेगळी आहे. सिंगापूर येथील अभ्यासांत असे आढळले, की एक रात्र जागरण झाल्यावर नफ्याच्या आशेला मेंदू अधिक उत्साहाने प्रतिसाद देतो आणि तोट्याचा इशारा त्यास फिका वाटू लागतो.

तेव्हा एकाच मनुष्याला तोटा एका दिशेस ओढतो, दीर्घ ताण दुसऱ्या, आणि जागरण तिसऱ्या. बाजारातील वार्ता बदललेली नसतानाही निर्णय बदलतो. अनुभवाने ही ओढ थोडी सैल होते, पण सुटत नाही. अँड्र्यू लो व दिमित्री रेपिन यांनी २००२ साली दहा व्यावसायिक ट्रेडरांच्या अंगास संवेदक लावून त्यांचे प्रत्यक्ष काम पाहिले, तेव्हा भाव वेगाने हलताच मुरलेल्यांच्याही त्वचेत व नाडीत खळबळ उमटलेली दिसली. लो यांच्याच २००५ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात, नफा व तोटा या दोहोंनी ज्यांच्या भावना अतिशय उसळत, त्यांची कामगिरी इतरांपेक्षा कमी प्रतीची ठरली. येथे नफ्याचाही उल्लेख आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. विजयाची धुंदी ही देखील ताणाचीच बहीण आहे.

शीण कसा ओळखावा?

न्यूयॉर्कमधील हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली, सेवाकार्यात झिजून गेलेल्या माणसांच्या स्थितीस, जळून विझलेल्या वस्तूची उपमा देणारे नाव दिले. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी तिची तीन अंगे निश्चित केली. पहिले अंग म्हणजे मनाचा शीण. सकाळी उठतानाच आपल्याजवळ काही उरलेले नाही असे वाटणे. दुसरे, कामाविषयी व माणसांविषयी कडवट दुरावा. तिसरे, आपल्या हातून काहीच धड होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ही स्थिती आपल्या वर्गीकरणात स्पष्ट केली, परंतु तीस रोग न म्हणता व्यवसायाशी निगडित अवस्था म्हटले आहे. याचा अर्थ असा, की दोष केवळ माणसाच्या प्रकृतीत नसतो. तो कामाच्या मांडणीतही असतो.

ट्रेडरच्या बाबतीत काही खुणा सहज दिसतात. सौदा नसतानाही पडदा सोडवत नाही. जेवताना, प्रवासात, देवळाच्या रांगेतही हात भ्रमणध्वनीकडे जातो. रविवार विश्रांतीचा न वाटता रिकामा वाटतो. झोप तुटक होते, चहा-तंबाखू वाढते. तोट्याचा आकडा घरी लपवला जातो, मग तो लपवण्यासाठी दुसरे खोटे बोलावे लागते. ही शेवटची खूण सर्वांत गंभीर समजावी, कारण तेथून पुढे मनुष्य खरोखर एकटा पडतो.

नियम आधी, सौदा मागाहून

उपायांचा विचार करताना एक तत्त्व ध्यानी घ्यावे. ताण चढलेला असताना बुद्धीवर विसंबता येत नाही, म्हणून जे ठरवावयाचे ते ताण चढण्यापूर्वी ठरवले पाहिजे. खुद्द बाजारानेही हेच तत्त्व स्वीकारले आहे. निर्देशांक दहा टक्क्यांनी हलला की सबंध बाजार काही काळ बंद करावा, असा नियम आहे. १३ मार्च २०२० रोजी सकाळी भाव कोसळून सौदे ४५ मिनिटे थांबवण्यात आले. नंतर बाजार सावरला, आणि दिवसअखेर आदल्या दिवसापेक्षा वर बंद झाला. दहाच दिवसांनी, २३ मार्च रोजी, पुन्हा तसाच विराम घ्यावा लागला. पण त्या दिवशी घसरण थांबली नाही, आणि सेन्सेक्स सुमारे १३ टक्के खाली बंद झाला. विराम भविष्य सांगत नाही, भावही सुधारत नाही. तो विचारास उसंत देतो, आणि त्याचा उपयोग तेवढाच आहे. सबंध बाजारास ज्याची गरज भासते, त्याची गरज एकट्या माणसास नाही असे कोण म्हणेल?

पहिला नियम रकमेचा. समजा, एकाने प्रत्येक सौद्यात शिल्लक भांडवलाच्या २ टक्क्यांहून अधिक गमवावयाचे नाही असे ठरवले, आणि लागोपाठ दहा सौदे फसले. तरी त्याच्याजवळ सुमारे ८२ टक्के भांडवल उरते. दुसऱ्याने दर खेपेस २० टक्के पणास लावले, तर तितक्याच अपयशानंतर त्याच्याजवळ ११ टक्केही उरत नाहीत. दुर्दैव दोघांचे सारखेच, परंतु पहिला शांत झोपू शकतो. शाळेतील मुलांनी हे गणित कागदावर करून पाहावे. सौदा करतानाच ‘या भावास बाहेर पडावयाचे’ असा आदेश नोंदवण्याची सोय असते, तिला स्टॉप-लॉस म्हणतात. तो एकदा लावल्यावर खाली सरकवू नये. भाव एकदम उडी घेऊन पुढे गेला तर ठरल्यापेक्षा थोडा अधिक तोटा होऊ शकतो, हेही समजून असावे. आणि कर्जाऊ पैसा, फीचा पैसा किंवा घरखर्चाचा पैसा यांना या कामात मुळीच हात लावू नये. ज्या पैशावाचून चूल पेटणार नाही, त्याच्यावर शांत बुद्धीने निर्णय घेता येत नाही.

दुसरा नियम वेळेचा. दिवसाचा तोटा अमुक मर्यादेस पोहोचला की पडदा बंद. बाजार मिटल्यावर भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा. चहा-कॉफीतील कॅफीन पाच-सहा तासांनीही निम्मे शरीरात शिल्लक असते, म्हणून दुपारनंतर ते आवरावे. झोप ही चैन नसून कामाचे हत्यार आहे.

तिसरा नियम शरीराचा. श्वास आत घेताना हृदय किंचित जलद व सोडताना किंचित मंद चालते. मिनिटास सुमारे सहा या गतीने, उच्छ्वास लांबवून, पाच मिनिटे श्वसन केले असता शरीरास शांत करणारी परानुकंपी मज्जासंस्था पुढे सरसावते. लढण्यासाठी झालेली तयारी उतरवण्याचा सर्वांत जुना मार्ग मात्र चालणे हाच होय. न्यू टाउनमध्ये विस्तीर्ण तळ्याभोवती वसवलेले इको पार्क २०१२ साली लोकांस खुले झाले. तसे उद्यान प्रत्येकाच्या वाट्यास येणार नाही. पण नदीचा घाट, शाळेचे मैदान किंवा गावाबाहेरचा रस्ता तरी असतोच.

चौथा नियम सोबतीचा. रिंगण गेले तरी रिंगणातील चहाचे दुकान आपणास पुन्हा उभारता येते. समव्यवसायी दोघे-तिघे, किंवा घरातील एक विश्वासाचे माणूस, आठवड्यातून एकदा खरा हिशेब पाहणारे असावे. रोजनिशीत सौद्याबरोबर त्या वेळची झोप व मनःस्थितीही लिहावी. महिन्याने ती वाचली असता आपण कोणत्या दिवशी चुकतो हे स्वतःच्याच अक्षरात दिसते. शीण महिनोन्‌महिने उतरत नसेल, किंवा जगण्याविषयीच निरिच्छा वाटू लागली असेल, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ आहे. तापासाठी औषध घेण्यात जसा कमीपणा नाही, तसा यातही नाही.

ताण खरे बोलत असेल तर?

आतापर्यंतच्या विवेचनावरून कोणी असे समजेल, की मन शांत ठेवता आले म्हणजे या व्यवसायात यश ठेवलेलेच आहे. तसे समजणे घातक होईल. ‘सेबी’ने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स व ऑप्शन्स या प्रकारांत सौदे करणाऱ्या व्यक्तींची संख्या एक कोटीहून अधिक होती. त्यांतील ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाख रुपयांपेक्षा जास्त नफा मिळवणारे अवघे एक टक्का होते. २०२३-२४ साली अशा व्यक्तींपैकी ४३ टक्के तीस वर्षांखालील होत्या. २०२४-२५ या वर्षीही तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के राहिले.

साध्या समभागांच्या व्यवहारातही अति हालचाल हिताची ठरत नाही. ब्रॅड बार्बर व टेरेन्स ओडीन यांनी अमेरिकेतील ६६,४६५ कुटुंबांची १९९१ ते १९९६ या काळातील खाती तपासली. सर्वांत अधिक सौदे करणाऱ्यांना वर्षास ११.४ टक्के मिळाले, तर बाजाराची वाढ १७.९ टक्के होती. रोप रोज उपटून मुळे धरली की नाहीत हे पाहणाऱ्याच्या वाट्यास दुसरे काय येणार?

हे आकडे पाहिल्यावर शिणाकडे निराळ्या दृष्टीने पाहणे भाग पडते. दातदुखी दाबण्यासाठी लवंग धरणे ठीक, पण दात किडला आहे काय हेही पाहावयास हवे. दीर्घ श्वसनाने तोट्याचा धंदा नफ्याचा होत नाही. जो मनुष्य दोन वर्षे सर्व नियम पाळूनही भांडवल गमावीत आहे आणि रात्री जागत आहे, त्याचे शरीर त्यास कदाचित खरी वार्ता सांगत असेल. अशा वेळी ताण सहन करण्याची कला शिकण्यापेक्षा ताणाचे कारण दूर करणे, म्हणजे सौदे थांबवणे अथवा फार कमी करणे, हाच शास्त्रीय उपाय ठरतो. रिंगणाच्या दिवसांत वृद्ध दलाल एक दिवस टिपणवही मिटून घरी जाई, आणि त्यात कोणास लाज वाटत नसे. आजच्या तरुणासही तितकाच हक्क आहे.

ज्यांच्या घरी असा कोणी तरुण आहे, त्यांच्यावरही एक जबाबदारी येते. ‘आज किती मिळाले?’ हा प्रश्न त्यास रोज विचारू नये. त्याने तोट्याचा आकडा सांगितलाच, तर प्रथम तो ऐकून घ्यावा. उपदेशास पुढे पुष्कळ वेळ असतो. लपवलेला तोटा उघड झाला, की तो फेडण्याचा हिशेब मांडता येतो, आणि त्या रात्री घरातील दोन माणसांना तरी थोडी झोप लागते.